टेपवाल्या साहेबांना अनावृत पत्र

मा. टेपधारक साहेब,
नियमावली समिती, पोशाख विभाग (महिला),
मुक्काम बासेल व व्हिएन्ना, शाखा सर्वत्र.



हे पत्र पोस्टकार्डावर लिहायचा विचार होता. आमच्या टपाल खात्याचं पोस्टकार्ड नऊ सेंटिमीटर रुंद असतं. बीच हँडबॉल खेळणाऱ्या बाईच्या चड्डीला तुम्ही कमरेच्या बाजूला जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर मंजूर केले होते. म्हणजे एक पोस्टकार्ड आणि वर एक सेंटिमीटर. तेवढ्या जागेत चार ओळींचं क्षेमकुशल मावतं. माझं म्हणणं काही मावेना, म्हणून हा लांबलचक कागद घेतला. लांबीबद्दल दंड बसणार असेल तर आधी कळवावं.

साहेब, तुमचा तेव्हाचा नियम मी मन लावून वाचला. बाईची चड्डी अंगाला घट्ट बसलेली हवी, तिची कड मांडीच्या वरच्या टोकाकडे तिरकी चढत गेलेली हवी, आणि बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. ही तिरकी चढणारी कड कागदावर उतरवताना तुमच्या डोळ्यांपुढे नेमकं काय होतं, ते मी विचारत नाही. आपली तेवढी ओळख नाही. पुरुषांचं प्रकरण त्यामानाने दीड ओळीत आटोपलेलं: शॉर्ट्स फार घोळदार नकोत, आणि गुडघ्याच्या वर दहा सेंटिमीटर सुटलेले हवेत. दोघांनाही दहाच! समानता याहून काटेकोर ती कोणती? त्याने दहा सेंटिमीटर उघडे ठेवायचे आणि तिने दहा सेंटिमीटर झाकायचे, एवढाच काय तो किरकोळ फरक.

जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातल्या वार्नाला युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धा झाली. कांस्यपदकासाठी स्पेनविरुद्ध नॉर्वेच्या मुली मांडीला लगटून बसणाऱ्या साध्या शॉर्ट्स घालून उतरल्या. चोरून नव्हे. स्पर्धेआधी विचारून झालं होतं, दंड होईल हे ऐकून झालं होतं, तरी उतरल्या. नियम बासेलच्या जागतिक हँडबॉल महासंघाचा, दंड व्हिएन्नाच्या युरोपियन महासंघाचा: दहा जणींना दरडोई दीडशे, एकूण १५०० युरो. आणि गुन्हा काय, तर अयोग्य पोशाख! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अयोग्य पोशाख म्हणजे काय, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. साठ वर्षांच्या आजीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचं त्यावर एकमत आहे. पण कापड वाढलं म्हणून पोशाख अयोग्य ठरल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. पिंक नावाची अमेरिकन गायिका म्हणाली, दंड मी भरते. आमच्या आजीनेही भरला असता. तिचा गायिकेशी बाकी कशावरच मेळ बसला नसता.

त्याच जुलैत इंग्लंडमधल्या एका स्पर्धेत तुमच्या खात्यातल्या कुणीतरी ऑलिव्हिया ब्रीन या पॅरालिम्पिक खेळाडूला गाठून ऐकवलं, तुझी धावण्याची चड्डी फारच आखूड आहे, बरी दिसत नाही. एकाच महिन्यात एकीची लांब, एकीची आखूड. आता या दोघींच्या मधली जी कुठली पवित्र लांबी तुमच्या मनात आहे, ती एकदा छापून तरी टाका. आमचे शिंपी तयार आहेत.

बाकी तुमचं काम चौफेर चालू असतं, हे मान्य केलं पाहिजे. २००४ मध्ये फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांना महिला फुटबॉलची भरभराट कशाने होईल याचा साक्षात्कार झाला: आणखी तंग शॉर्ट्सनी. २०११ मध्ये बॅडमिंटनच्या महासंघाला वाटलं, बायकांनी स्कर्ट घातले की खेळ आकर्षक दिसेल. जगभरातून शिव्या खाऊन वर्षभराने तो बेत गुंडाळावा लागला. मुष्टियुद्धवाल्यांनीही स्कर्टचं पिल्लू सोडून पाहिलं. म्हणजे बाईने समोरचीचा जबडा फोडायला हरकत नाही, फक्त ती बाई आहे हे शेवटच्या रांगेतून कळायला हवं. २०१८ मध्ये सेरेना विल्यम्स अंगभर काळा सूट घालून फ्रेंच ओपन खेळली. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांनी तिचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता, त्यासाठी तो सूट. तुमचे पॅरिसचे भाऊबंद म्हणाले, पुढच्या वर्षापासून हे चालणार नाही, खेळाचा आणि जागेचा मान राखला पाहिजे. इथे गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकूनही मान राखला गेला नाही! त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये अलिझे कॉर्नेने उलटा घातला गेलेला टी-शर्ट कोर्टवर झटकन सुलटा केला, तर तिला ताकीद. शेजारच्या कोर्टावर पुरुष उघड्या छातीने खुर्चीत बसून केळं खात असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्याच खेळाडूंना हिजाबची मनाई केली. मांडीवरून डोक्यापर्यंत टेप पोचली, प्रगती आहे.

पण हे सगळं तोंडी लावायला. मला खरं झोंबतं ते निराळं.

साहेब, तुम्ही बीच हँडबॉल कधी नीट पाहिलंय का? उडी मारून, हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन केलेल्या गोलला तिथे एकाऐवजी दोन गुण मिळतात. हवेतच पास झेलून, पाय वाळूला लागायच्या आत मारलेल्या गोललाही दोन. म्हणजे खेळाचा नियमच तिला सांगतो की उड, फिर आणि पड. ती पडते. तोंडावर पडते, कुशीवर पडते, फरपटत जाते, आणि वाळू कुठे कुठे जाऊन बसते हे आमच्या कोकणात सहलीला आलेलं पहिलीतलं पोरही जाणतं. आता उठल्यावर तिचा हात कुठे जायला हवा? चेंडूकडे. तुमच्या नियमात तो जायचा मागे, वर सरकलेली कड खाली ओढायला. तेवढ्यात समोरची पळालेली असायची. एका नियमाने तिला उडायला लावायचं, आणि दुसऱ्या नियमाने उडताना तिचा अर्धा जीव चड्डीत अडकवून ठेवायचा. हे दोन्ही नियम एकाच टेबलावर लिहिले गेले, आणि टेबलाभोवतीच्या कुणालाही ते एकमेकांच्या तंगड्यात पाय घालतायत हे दिसलं नाही.

आणि महिन्यातले ते चार दिवस? पोस्टकार्डाएवढ्या कापडात, वाळूत, कॅमेऱ्यांसमोर? तुमच्या समितीच्या बैठकांत पाळी हा शब्द कधी उच्चारला गेला का हो? विम्बल्डनमध्ये बायका १८८४ पासून खेळतायत. सक्तीच्या पांढऱ्या स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घातली तर आकाश कोसळत नाही, हे विम्बल्डनवाल्यांना कळायला २०२३ उजाडलं. एकशे एकोणचाळीस वर्षं. तेवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन परत आला, पण पांढऱ्या कपड्यावरच्या डागाच्या धास्तीने सर्व्हिस करणाऱ्या मुलीच्या मनापर्यंत कुणी पोचलं नाही.

कारण विचारायचंच नव्हतं. अंग तिचं, गुडघे तिचे, वाळू तिच्या अंगात जाणार, आणि ठरवणार तुम्ही! जिला बिकिनीत मोकळं वाटतं तिने खुशाल बिकिनी घालावी, पुष्कळ जणी आवडीने घालतात. जिला घोट्यापर्यंत झाकून घ्यावंसं वाटतं तिने तसं करावं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुलींनी तेच केलं. नियमात पूर्ण अंगाच्या पोशाखाला बंदी नव्हतीच, तरी त्याची बातमी झाली. पण तुम्ही कोण लागून गेलात? कुणी नेमलंय तुम्हाला पोरींच्या मांड्या मोजायला? आणि जो माणूस ते काम आनंदाने, दशांश चिन्हापर्यंत करतो, त्याला आपल्या घरी सांगता येतं का, की आज मी कामावर काय केलं?

असो. आवाज चढला.

तुम्ही म्हणाल, व्हिएन्नाच्या निकालाने हिच्या पोटात का दुखतंय. दुखण्याचं कारण आमच्या तालुक्याच्या मैदानावर आहे. तिथेही तुमची शाखा आहे, फक्त टेप उलट्या बाजूने धरलेली. माझी भाची चारशे मीटर पळते. मध्यंतरी तिच्या स्पर्धेला गेले होते. चेस्ट नंबर लावून, स्पाइक्स बांधून पोरगी तयार. एवढ्यात बॅज लावलेले एक गृहस्थ आले आणि तिच्याकडे न बघता तिच्या बाईंना म्हणाले, "मॅडम, ह्या शॉर्ट्सवर नको. प्रमुख पाहुणे येतायत. आत काहीतरी घालायला सांगा." दहा पावलांवर गोळाफेकीची मुलं बनियन काढून अंग मोकळं करत होती. प्रमुख पाहुण्यांना त्यांचा त्रास होणार नव्हता.

बाईंनी एका मुलीची काळी लेगिंग पैदा केली. ती मुलगी भाचीपेक्षा वीतभर उंच, इलॅस्टिक सैल पडलेलं. बाईंनी कमरेला दोन घड्या घातल्या आणि चेस्ट नंबरच्या चार पिनांतल्या दोन काढून तिथे लावल्या. त्यामुळे नंबर खालून सुटा. पोरगी पळाली ती एका हाताने लेगिंग धरून, छातीवर कागद फडफडतोय. शेवटच्या शंभर मीटरला तिने तो हात सोडला. पिनेने पोटावर ओरखडा उठला, तो मला तिने घरी आल्यावर दाखवला. पाहुणे तोवर आलेच नव्हते. ते बक्षीस समारंभाला आले.

मी त्या बाईंवर चिडले होते. "मॅडम, तुम्ही तरी बोलायचं," असं म्हणालेही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, ह्या सहा पोरींच्या घरी मी स्वतः जाऊन त्यांना मागून आणलंय. एकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गावात फिरला ना, तर पुढच्या वर्षी ह्यातल्या दोनच येतील." यावर मी काय बोलणार? हातात टेप त्या बाईंच्याही होती, साहेब. पण ती त्यांना कुणीतरी धरायला लावलेली होती, आणि तीच टेप वापरून त्या पोरींना मैदानावर टिकवून ठेवत होत्या.

तेव्हापासून अधूनमधून तुमचीही दया येते. खरंच. मला वाटतं, तुम्हालाही कुणीतरी खोलीत बसवून सांगितलं असणार की गॅलऱ्या रिकाम्या आहेत, प्रायोजक मिळत नाहीत, टीव्हीवाले फोन घेत नाहीत, काहीतरी करा. आणि तुम्ही आजूबाजूला पाहिलंत. समोर गिरकी घेऊन दोन गुण मिळवणाऱ्या मुली होत्या, तासन्‌तास वाळूत सराव केलेल्या. त्यातलं विकण्याजोगं म्हणून तुमच्या हाताला जे लागलं, ते दहा सेंटिमीटरचं. जन्मभर एका खेळाची चाकरी केली आणि तो खेळ कुणी नुसता खेळ म्हणून बघेल यावर एक दिवसही विश्वास बसला नाही, हे काही सुखाचं आयुष्य नसणार.

वार्नाच्या बोंबाबोंबीनंतर तुमच्या बासेलच्या थोरल्या पातीने नियम बदलला म्हणून अभिनंदन. १ जानेवारी २०२२ पासून बायकांना बिकिनीची सक्ती नाही, शॉर्ट्स चालतील. मी आनंदाने नवा मजकूर वाचायला घेतला. बायकांसाठी: आखूड, तंग, अंगाला घट्ट बसणाऱ्या शॉर्ट्स. पुरुषांसाठी: फार घोळदार नकोत, गुडघ्याच्या वर दहा सेंटिमीटर. तंग आणि घट्ट, दोन्ही! एकाने भागलं नसतं का? एवढ्या बोंबा झाल्या, मंत्र्यांची पत्रं झाली, आणि तुम्ही लांबी सोडलीत पण मूठ काही सोडली नाहीत. घट्ट बसलं की चेंडू लांब जातो, असं काही शास्त्र असेल तर मग पुरुषांना त्यापासून वंचित का ठेवलंय, एवढं तरी उलट टपाली कळवा.

कळावे. लोभ आहे, तो थोडा आवरावा ही विनंती.

आपली,
चारशे मीटरवालीची आत्या

ता. क. : नॉर्वेकडून घेतलेला तो १५०० युरोंचा दंड, क्रीडाक्षेत्रात मुलींच्या समानतेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देणगी म्हणून देऊ, असं व्हिएन्नाने पुढे जाहीर केलं होतं. पावती कुणाच्या नावाने फाडली?