‘प्रवेश सुरू!’वाल्या साहेबांस अनावृत पत्र

मा. संचालकसाहेब,



तुमचं पूर्ण नाव लिहायला हवं होतं. पण फ्लेक्सवर नावापेक्षा तुमच्या गॉगलला जास्त जागा मिळाली आहे आणि उरलेल्या जागेत तुम्हाला शुभेच्छा देणाऱ्या मित्रमंडळाचे फोटो आहेत. संस्थेचा नोंदणी क्रमांकही शोधला. तो बहुधा मित्रमंडळाच्या मागे दडला असावा.

बारावीचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या बसस्थानकापासून उमरग्याच्या चौकापर्यंत तुम्ही हजर असता. आमच्याकडे पाऊस वेळेवर येत नाही, तुम्ही मात्र येता. ‘नर्सिंगला थेट प्रवेश. सीईटीची गरज नाही. हजेरीची अट नाही. १००% नोकरीची हमी. जर्मनी, दुबई.’ एवढं सगळं दहा बाय पाचच्या कापडावर कुठल्याही सरकारला बसवता आलेलं नाही. म्हणून हे आभाराचं पत्र.

माझ्या भाचीला नर्सिंगला जायचं आहे. घरात आत्या आरोग्यसेविका होती, तेव्हा खूळ कुठून आलं हे सांगायला नको. मी तिला सरळ रस्ता सांगितला. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. शिवाय २०२२ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे: शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. त्यातले वीस गुण नर्सिंगच्या कलासाठी! रात्री दोनला बाळंतीण तपासायला कंदील घेऊन निघायची कला चार पर्यायांत कशी मावते, ते सीईटी कक्षालाच ठाऊक. पोरीने तीही परीक्षा दिली. मग कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे राऊंड सुरू झाले. विकल्पात लातूर, सोलापूर, पुणे असं भरत गेलो. सरकारी जागा मोजक्या आणि त्यावर अख्ख्या महाराष्ट्राची नजर. पहिल्या राऊंडला नाव नाही, दुसऱ्याला नाही. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, रोज संध्याकाळी विचारतो, “लागली का गं यादी?” अशा घरातच तुमच्या काउन्सेलर मॅडमचा फोन वाजतो. आमचा नंबर तुम्हाला कुणी दिला, हे विचारत नाही. उपकाराची चौकशी करू नये.

मॅडम फार गोड बोलल्या. मी विचारलं, “हॉस्पिटल कुठलं?” म्हणाल्या, “टायअप आहे.” “खाटा किती?” म्हणाल्या, “तुम्ही पालक आहात की इन्स्पेक्शनला आलात?”

साहेब, नोकरीभर उपकेंद्राची रजिस्टरं भरलेली बाई आहे मी, म्हणून विचारलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम जुनाच आहे. जीएनएमची पदविका असो की बी.एस्सी.ची पदवी, संस्थेचं स्वतःचं निदान शंभर खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. म्हणजे जागा वर्गातल्या बाकांवरून ठरत नाहीत, वॉर्डातल्या खाटांवरून ठरतात. जुनं उदाहरण घ्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढलं. विधवेने घराबाहेर पडणंही जिथे पाप होतं, तिथे त्यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडलं. त्यांना ससून लागलं. तुम्हाला बँकेच्या वरचा मजला आणि एक प्लास्टिकचा सांगाडा पुरतो. विहीर न खोदता पोहायला शिकवण्याची ही कला रमाबाईंना साधली नाही.

‘हजेरीची अट नाही’ हे वाचून तर डोळे पाणावले. बी.एस्सी.च्या परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडायच्या आधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. त्यात सूट नाही, कारण शीर पुस्तकात सापडत नाही, हातात सापडते. पण तुमच्या विद्यार्थिनींना ती भानगड नाही. त्या घरी बसून, शेळ्या राखून, जमल्यास लग्न उरकून नर्स होणार.

आता तुमच्या ‘एक वर्षात नर्सिंग डिप्लोमा’बद्दल. नर्स म्हणून नोंद होते ती एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. केलेल्या मुलीची. एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन, बी.एस्सी.ला चार. नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये होते आणि त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. एका वर्षात जे होतं त्याला रुग्ण सहायक म्हणतात. ते कामही मानाचं आहे, पण त्याचं नाव ते आहे. तुम्ही सहायकाचा कोर्स नर्सच्या फीमध्ये देता. मुलीला हा फरक कधी कळतो? सरकारी भरतीचा अर्ज भरताना, जेव्हा कॉम्प्युटर नोंदणी क्रमांक मागतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही.

जर्मनीचंही तसंच. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिका आहेत, हे खरं. पण तिथे नर्स म्हणून मान्यता हवी तर आधी इथली खरी पदवी किंवा पदविका लागते, वर बी-२ पातळीचं जर्मन. तुमच्या फ्लेक्सवर ‘जर्मनी’ हा शब्दच चुकीचा छापलाय, तेव्हा भाषेचा तास कोण घेणार?

फीबद्दल बोलू नये, पण बोलते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. म्हणजे तुमच्या ‘थेट’ या एका शब्दापायी बापाची माफी जाते. शिवाय मॅडम म्हणाल्या, टी.सी. आणि मार्कमेमो मूळ प्रतीतच जमा करा, “आमच्याकडे सुरक्षित राहतील.” किती काळजी! मुलगी कंटाळून परत निघाली तर कागद मात्र तुमच्या कपाटातच सुरक्षित.

‘इथं नाही तर बंगळूर’ असंही तुम्ही सुचवलंत. आमचा उमरगा तर कर्नाटकाच्या वेशीवरच. तिकडे शिकून आलेल्या चांगल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. मुलीने जावं, खुशाल जावं. पण कुठलं कॉलेज, कुठलं विद्यापीठ, हॉस्पिटल कुठे, हे विचारल्यावर “ते रेल्वेत बसल्यावर कळेल” असं उत्तर मी फक्त तुमच्याकडूनच ऐकलं. तिथे शिकलेल्या मुलीची नोंद आधी तिथल्या कौन्सिलमध्ये होते, मग ती इकडे बदलून घ्यावी लागते. म्हणजे कॉलेज कच्चं निघालं तर दोन राज्यांचे उंबरठे झिजवायचे.

तरी सगळा दोष तुमचा कसा म्हणू? तुमचा धंदा आमच्या रिकाम्या जागेवर उभा आहे. हा जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा आमच्याकडे भरपूर, जागा नाहीत. २०२२ मध्ये धाराशिवला शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आम्ही पेढे वाटले. त्या शंभर डॉक्टरांनी लिहिलेली सलाईन लावायला मुली कुठून येणार, हे पेढ्याच्या पुड्यावर लिहिलेलं नव्हतं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मेडिकल कॉलेजांच्या शेजारी काढायची घोषणा झाली, म्हणजे खाटा आणि शिक्षण एका आवारात हवं हे दिल्लीलाही पटलंय. आणि मराठवाड्याचा अनुशेष मोजायला १९९४ साली नेमलेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मोजणारा गेला की अनुशेषही दिसेनासा होतो.

तरी इथे काहीच उभं राहत नाही असं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांत मलमपट्टी करायला बाहेरून माणसं आली. सास्तूरचं ‘स्पर्श’ रुग्णालय त्या पडझडीतूनच उभं राहिलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. इथल्या बायका शिकतात, फक्त शिकवणाऱ्याकडे पेशंट हवेत आणि नियत हवी. तुमच्याकडे यातलं कुठलं आहे, ते कळवावं. फोन नको, लेखी कळवा.

भाचीचं म्हणाल तर ती आणखी एक राऊंड थांबणार आहे. नाहीच लागलं तर जीएनएमला अर्ज करील, तेही नाही तर वर्षभर अभ्यास करून सीईटी पुन्हा देईल. एक वर्ष गेलं तर जाऊ दे, तुमच्याकडे तीन जातील.

कळावे,
एक निवृत्त आरोग्यसेविका, धाराशिव जिल्हा

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या आईबापांसाठी: पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या आणि विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत पाहा, बी.एस्सी.ची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने किती ठरवली तेही पाहा. मग एखाद्या साध्या मंगळवारी, न कळवता, त्यांच्या हॉस्पिटलात जा आणि खाटा मोजा. खाटेवर पेशंट आहे का, तेही बघा.