एका ताऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. तारा एच. डी. ८६०८१,
षडंश तारकासमूह.

विषय : बिभा चौधुरी यांचे नाव सांभाळल्याबद्दल आभार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यास आनंद होतो, की २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं आपलं नाव ‘बिभा’ ठेवल्यापासून आम्ही एका जुन्या देण्यातून मोकळे झालो आहोत. आपण सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूर, शिवाय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गौरवाला याहून सोयीची जागा सापडली नसती. एखाद्या चौकाला नाव दिलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, या बाई कोण?

मग सांगत बसावं लागलं असतं. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधल्या देबेंद्रमोहन बोस आणि बिभाबाई या भौतिकशास्त्रज्ञांनी फोटोग्राफिक प्लेटा दार्जिलिंगला आणि १२ हजार फुटांवरच्या सांदकफूला महिनोन्‌महिने ठेवल्या. विश्वकिरणांतला कण प्लेटेवरच्या थरातून गेला, की चांदीच्या ठिपक्यांची बारीक रांग उमटते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, कुठे किती वाकली, ठिपके किती विरळ झाले ते मोजायचं आणि त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. उत्तर आलं, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. १९४१-४२च्या सुमारास हे काम ‘नेचर’मध्ये छापूनही आलं.

आकडा पक्का करायला अधिक संवेदनशील प्लेटा हव्या होत्या. युद्धामुळे त्या मिळेनात. पुढे ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या चमूच्या हाती सुधारित प्लेटा आल्या. १९४७ मध्ये त्यांनी याच पद्धतीनं पायॉन हा कण निर्विवाद ओळखला आणि १९५०चं नोबेल पॉवेलना मिळालं. बोस-चौधुरींनी ही वाट आधी दाखवली होती, हे पॉवेलनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केलं. त्यामुळे सगळा दोष साहेबाच्या माथी मारायचीही सोय उरली नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या बिभाबाई पहिल्या स्त्री-संशोधक. १९४९ साली रुजू झाल्या. १९९१ मध्ये त्या गेल्या, तोवर आमच्या एकाही प्रमुख विज्ञान अकादमीला त्यांना फेलो करून घ्यायला सवड झाली नाही. प्लेटांची टंचाई युद्धामुळे होती. नंतरची ४० वर्षं टंचाई कशाची होती, याची चौकशी कोणी मागितलेली नाही.

आपल्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं वर्ष दोन दिवसांत उरकतं म्हणे. आमच्याकडे फाइल एवढी झपाट्यानं हलत नाही, हे कृपया समजून घ्यावं.

जाता जाता एक विनंती. आपल्या शेजारपाजारी बिननावाचे तारे असल्यास यादी पाठवावी. आमच्याकडे बायकांची अशी बरीच नावं पडून आहेत आणि या योजनेत खर्च शून्य आहे.

आपला,
एक कृतज्ञ देशवासी

प्रत : विज्ञान दिनाची भाषणं लिहिणारे सर्वजण, केवळ माहितीसाठी. कार्यवाही अपेक्षित नाही.