पळसाला पानं तीन, खड्ड्याला पाहुणे तीस

गेल्या जुलैत एका वृक्षारोपणाला जायचा योग आला. गावाबाहेरचा माळ, वर मांडव, खाली खुर्च्या, ‘दोन शब्दां’साठी माईक. खड्डा आधीच खणून ठेवलेला, कडेनं रांगोळी. शेजारी काळ्या पिशवीतलं रोप. पिशवीला ब्लेडनं चीर देऊन ठेवली होती, साहेबांच्या हाताला माती लागायला नको म्हणून.

साहेब तासभर उशिरा येणार असं कळलं. तेवढ्यात फोटोवाल्याच्या लक्षात आलं, की खड्ड्याला लागून एक झुडूप आहे आणि ते मधे येतंय. कुदळवाल्याला हाक गेली. चार घावांत झुडूप आडवं. मी वाकून पाहिलं. तीन-तीन पानांचे सात धुमारे आणि खाली मांडीएवढा जुना बुंधा. पळस! कधीकाळी तोडलेला, तरी दर पावसाळ्यात फुटणारा, दर उन्हाळ्यात सरपणाला जाणारा. म्हणजे झाड लावायला जागा व्हावी म्हणून झाड तोडलं. मग साहेब आले, रोप लागलं, टाळ्या वाजल्या, वडापाव वाटले.

आता त्या पळसाचं गणित मांडा. मुळं खोलवर गेलेली. पाणी कुठं आहे ते त्याला ठाऊक. टँकर नको, ट्री-गार्ड नको, रोपवाटिका नको. त्याचं मागणं एकच, तीन-चार वर्षं मला कुणी तोडू नका. पण ‘तोडलं नाही’ या कामाचं बिल कसं काढायचं? खड्ड्याचं निघतं. रोपाचं, खताचं, पाण्याचं, मांडवाचंही निघतं. न उचललेल्या कुऱ्हाडीचं अंदाजपत्रक अजून कुणी केलेलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी वृक्षलागवडीच्या मोहिमेची २०१६ मध्ये २ कोटी झाडांनी सुरुवात झाली, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये थेट ३३ कोटी. देव जितके, तितकी झाडं. पुढे सरकार बदललं आणि ती शोधायला विधिमंडळाची समिती काढावी लागली. देवांच्या बाबतीत निदान तशी वेळ आली नव्हती. समितीला दोष देत नाही. सरकार कुणाचंही येवो, खड्डा सगळ्यांनाच आवडतो.

त्या पळसाचीच गोष्ट आफ्रिकेतल्या नायजरमध्ये एका माणसाला भर वाळूत कळली. टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ तिथं रोपं लावून लावून मेटाकुटीला आला होता. लावलेली बहुतेक मरायची. १९८३ साली वाळूच्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी करायला तो गाडीतून उतरला. समोरच्या खुरट्या झुडपाकडं नीट पाहिलं, तर ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाचा बुंधा फुटला होता. सगळ्या रानात तसलेच बुंधे. जंगल जमिनीखाली शाबूत होतं आणि हा वर खड्डे खणत होता. मग शेतकऱ्यांना एवढंच सांगायचं उरलं, की पेरणीआधी सगळे फुटवे छाटू नका. चांगले सरळ चार-पाच ठेवा, बाकीचे सरपणाला न्या. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर २० कोटी झाडं उभी राहिल्याचा अंदाज आहे. त्यातलं जवळपास एकही कुणी ‘लावलेलं’ नाही. २०१८ साली रिनाउडोला ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात तो राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

यातली खरी मेख कायद्यात होती. नायजरमध्ये शेतातलं झाडही सरकारचं मानलं जायचं. मग शेतकरी ते कशाला वाढवेल? सरकारनं हात सैल सोडला, झाड ‘आपलं’ वाटायला लागलं, तेव्हा कुऱ्हाड थांबली. आपल्याकडे बांधावरचा साग सातबाऱ्यानुसार माझा, पण तोडायचा झाला की परवानगीसाठी हेलपाटे. म्हणून शहाणा शेतकरी साग बोटाएवढा असतानाच उपटतो. मोठ्या सागाला कागद लागतो, लहानाला नुसती कुदळ पुरते.

आणि वृक्षारोपणात आपण लावतो तरी काय? गिरिपुष्प. नाव कसं संमेलनाध्यक्षाला शोभेल असं. खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात. पुण्याच्या टेकड्यांवर ती भरभरून लावली, भराभरा वाढली. हिरवंगार दिसतं, पण तिच्याखाली बोर शोधा, करवंद शोधा. आकडा पुरा झाला, विषय संपला.

मात्र ‘नुसतं राखा’ म्हणणंही तितकं सोपं नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द राळेगणसिद्धी, हिवरे बाजारमुळं आपल्या तोंडी बसले. हिवरे बाजारनं चराई थांबवली, पण विळ्यानं गवत कापून न्यायची वाट मोकळी ठेवली. ती अक्कल सगळीकडं असतेच असं नाही. ज्या बाईच्या चार शेळ्या हीच बँक, तिला न विचारता चराईबंदीचा ठराव केला, तर तो बागायतदारांचा छंद होतो. मग रात्री शेळ्या आत जातात आणि सकाळी ग्रामसभेत भाषणं होतात.

याउलट धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. कोकणा आदिवासींचा पाडा. १९९० च्या दशकात तिथल्या लोकांनी उजाड डोंगराची राखण सुरू केली. नियम त्यांनीच केले: तोडणाऱ्याला दंड, पकडून देणाऱ्याला बक्षीस. आज चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभं आहे. ही राखण उभी करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याला गुगलवर बारीपाडा शोधावा लागला. तिथं दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात, ओळीनं मांडतात. त्या रानभाज्या कुणी फीत कापून लावलेल्या नाहीत. पुढच्या जुलैत वृक्षारोपणाचं आमंत्रण आलं, तर त्याऐवजी या स्पर्धेची तारीख विचारा आणि तिथं जेवून या.