समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट

नागपूरच्या झिरो माइलजवळ सर्वेक्षण खात्याचा बेंचमार्क आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. ज्या शहरात उड्डाणपूल सोडला तर सायकलला चढ म्हणून लागत नाही, त्याची उंची दशांशचिन्हापुढे तीन घरं मोजून ठेवायचं इंग्रजांना काय अडलं होतं कोण जाणे. (सेमिनरी हिल्सवाले रागावतील. रागावू देत.) आमच्या गिर्यारोहण ग्रुपला मात्र या आकड्याचा मोठा आधार वाटतो. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर, त्यातून झिरो माइल वजा केलं की नागपूरकराची उरलेली चढण २८,०११ फूट आणि वर काही इंच भरते. हिशेब चोख आहे. चढणं तेवढं राहिलंय.

त्यातून एव्हरेस्ट आमचं नात्यातलं, असं हिंगणघाटचे एक सभासद दर मीटिंगला सांगतात. १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले, आणि त्यांची खुर्ची जॉर्ज एव्हरेस्टना मिळाली. "लॅम्ब्टनसायेब नागपूरले पोचले असते न, तर त्या शिखराचं नाव माउंट लॅम्ब्टन राह्यलं असतं!" इतिहासाच्या प्राध्यापकांना हा दावा पटणार नाही. ग्रुपला पटतो, कारण चहा-तर्री पोह्यांचे पैसे तेच देतात.

पुण्याच्या माणसाला लोकलमध्ये बसलं की दीड तासात लोणावळा. आम्हाला कळसूबाई करायची तर संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, ७०० किलोमीटर जायचं आणि पहाटे इगतपुरीला डोळे चोळत उतरायचं. त्यामुळे नागपूरचा गिर्यारोहक शिखरापेक्षा रिझर्वेशनबद्दल अधिकारवाणीनं बोलतो. एरवीचा सराव वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर किंवा रामटेकला, अंबाळ्याकडून गडमंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक असते. उड्डाणपुलावर एकदा एका स्कूटरवाल्यानं थांबून विचारलं, "काहून बे, पेट्रोल संपलं का?" सॅकवाल्यांकडे गाडीच नाही, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. आल्यावर तो जास्तच काळजीत पडला.

ग्रुपचा दोर आमच्या घरी असतो, म्हणून माझा मान मोठा. नायलॉनच्या दोराला ऊन चालत नाही, आणि नागपुरात दुसरं काही मिळत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान होतं. त्या हवेत दोर सांभाळायचा म्हणजे बाळंतिणीसारखी त्याची सावली बघत बसायचं. गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया, पापड आणि जिन्यात, कवडसाही पोचणार नाही अशा जागी, दोर. एका पावसाळ्यात त्यांनी तो वलणीसारखा बांधून त्याच्यावर ओल्या नऊवारी टाकल्या. लुगडी जमिनीला टेकली. "इतके पैसे देऊन ढिली दोरी आणली तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी समजावलं, की ही ताणली जाते म्हणूनच महाग. माणूस पडला तर दोर थोडा लांबतो आणि कमरेला हिसका कमी बसतो. त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पडायचं आधीच ठरलेलं असतं?"

थंडीचे कपडे आम्हा सर्वांकडे आहेत. संधी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला तेव्हा शेकोट्यांभोवती बसलेल्या शहरात आमचाच ग्रुप तेवढा आनंदात होता. एका बँक अधिकाऱ्यांनी उणे वीसची स्लीपिंग बॅग गच्चीवर नेऊन तिच्यात मुक्काम केला आणि मध्यरात्री घामाघूम होऊन खाली आले. एरवी ती बॅग ते मे महिन्यात कूलरसमोर तपासतात.

सगळ्यात अवघड प्रकरण स्कीचं. ग्रुपमधला एक तरुण इंजिनिअर औलीला स्कीइंग शिकला आणि येताना जुनी जोडी विकत घेऊन आला. रेल्वेत शेजारच्या काकांनी चौकशी केली, "सिंगल बेडच्या पट्ट्या हायेत का डबलच्या?" त्याला हवं होतं बॅककंट्री स्कीइंग: लिफ्ट नसलेल्या डोंगरावर आपल्या पायांनी चढायचं आणि मग घसरत उतरायचं. चढताना स्कीच्या तळाला एका दिशेनं केस झुकलेल्या पट्ट्या चिकटवतात; त्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. या पट्ट्या त्यानं कपाटावर ठेवल्या. मे महिन्यात त्यांचा गोंद पातळ झाला आणि एक पट्टी लग्नाच्या अल्बमला कायमची चिकटली. बायको म्हणाली, "चला, आता आपलं लग्न तरी मागे घसरणार नाही."

असे आम्ही सरावाला पचमढीला जातो. तिथे धूपगड आहे, सुमारे १३५० मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. पण खरी गर्दी महाशिवरात्रीला चौरागडावर आणि नागपंचमीआधीचे दहाएक दिवस नागद्वारीला. नागद्वारीचा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि वर्षातून तेवढेच दिवस उघडतो. पावसात निसरडे उतार, लोखंडी शिड्या, खाली धुकं. विदर्भातली मंडळं वाटेवर अन्नछत्रं लावतात. आमचे लीडर पहिल्यांदा हे पाहून गप्पच झाले. बेस कॅम्प, रसद, शिड्या, सगळं तयार, आणि हजारो माणसं चढून चाललेली. कुणाकडे कोर्सचं सर्टिफिकेट नाही. चौरागडावर तर नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन जातात, त्यातले काही दोघा-चौघांनी मिळून उचलायचे. आमच्या सॅककडे बघून एका आजींनी विचारलं, "हे काय हाय गा, बाप्पा?" दोर, म्हटलं. "कोणाले बांधाले?" लीडरनं तेव्हापासून तिथे दोर न्यायचं बंद केलं आहे.

तरीही आमचं बरं चाललं होतं. 'इथे डोंगर नाहीत, बर्फ नाही, करणार काय' हे वाक्य कोणत्याही मीटिंगला पुरत होतं. पण मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली. चंद्रपूर! जिथे त्याच महिन्यात डांबर पायाला चिकटतं. ग्रुपनं त्यांच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर केला, टाळ्याही मनापासून वाजवल्या, पण मुलांनी आमची फार अडचण करून ठेवली हे सर्वांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते वाक्य त्या दिवसापासून बाद झालं.

सध्या गुडघे, बँकेचं ऑडिट आणि दहावीतली मुलं यांवर काम चालू आहे.