राज्य कुणावर?

रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर बहिणीच्या घरी ते शक्य नसतं. तिच्याकडे दर रविवारी दोन ते सात युद्ध असतं. भाचा आणि त्याचे चार मित्र जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरतात आणि मग गुहा, भुयारं, राक्षस, खजिना असं सुरू होतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ असं त्या खेळाचं नाव. पटाचा खेळ म्हणावा, तर सोंगट्या नसल्या तरी चालतं. नाटक म्हणावं, तर कुणी खुर्चीतून उठत नाही. पाच जण मिळून एक गोष्ट सांगतात आणि गोष्ट अडली की वीस बाजूंचा फासा टाकतात.

त्या दिवशी एक मित्र आला नव्हता. त्याच्याकडे सत्यनारायण होता. भाचा म्हणाला, “मामा, तू बसतोस का? काही करायचं नाहीये, नुसतं जिवंत राहायचं.”

पन्नाशीनंतर हे काम वाटतं तितकं सोपं नाही, पण बसलो.

मला मांत्रिक मिळाला. नाव काय ठेवायचं विचारल्यावर मी ‘गोविंदपंत’ म्हणालो. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांची नावं तोंडात गरम बटाटा असताना उच्चारावीत अशी होती. मग माझ्या हातात एक कागद आला : बुद्धी सोळा, ताकद आठ, एचपी सात. एचपी म्हणजे अंगात उरलेला जीव, आकड्यांत. शेजारच्या योद्ध्याचे तेरा होते. एक विमा एजंट सोडला, तर माझ्या जिवाचा आकडा असा कागदावर लिहून आजवर कुणी माझ्या हातात दिला नव्हता. आणि तलवारीचा एक बरासा घाव बसला की सातच्या सात जातात, ही माहिती भाच्याने अगदी सहज दिली.

गुहेच्या दाराशी तीन गॉब्लिन उभे होते. मुलं एका सुरात म्हणाली, “अटॅक!” मी म्हणालो, “आधी जरा बोलून बघू.”

मी काही शांततावादी माणूस नाही. बातम्या बघताना सोफ्यावरून मी मोठमोठी युद्धं जिंकलेली आहेत. ‘एकदाच काय ते घुसून टाकायला हवं’ हे वाक्य चहाचा कप हातात असताना मी निदान चार वेगवेगळ्या देशांना ऐकवलं असेल. पण सोफ्यावर माझे एचपी कुणी मोजत नाही. इथे सात होते, आणि मला एकदम गॉब्लिनांची बाजू समजून घ्यावीशी वाटू लागली.

या खेळाचं खानदान मात्र पक्कं लष्करी आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने आपल्या वडिलांचा युद्धखेळ सुधारून मांडला. खराखुरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, नुकसान ठरवायला फासे आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे देत. पंच सगळं बघायचा, पण ज्या बाजूला जेवढं दिसू शकेल तेवढंच तिला सांगायचा. सेनाप्रमुख म्युफलिंग आधी जरा नाखुशीनेच बघत होते म्हणतात, आणि मग म्हणाले, हा खेळ नव्हेच, ही तर युद्धाची शाळा! पुढे नियमांचं बाड इतकं फुगलं की 1876 च्या सुमारास तिथलेच अधिकारी म्हणू लागले, तक्ते राहू द्या, पंच अनुभवी आहे ना, मग त्यालाच ठरवू द्या. हे मला फार आपलंसं वाटलं. नियमांचं पुस्तक मिटून कुणीतरी शहाण्या माणसाने ‘जाऊ दे रे, दिलं’ म्हणणं.

मग 1913 मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहिलं. मोठा माणूस जमिनीवर पालथा पडून स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे सैनिक पाडतोय आणि वर बजावतोय की खरं युद्ध यापुढे फारच महाग आणि मूर्खपणाचं आहे, हेच बरं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुस्तक योग्य लोकांच्या हाती पडत नाही, ही लेखकांची तक्रार जुनीच आहे.

आपल्याकडे दिवाळीत किल्ला करणाऱ्या कुणालाही वेल्स लगेच कळेल. माती, दगड, पोतं, वर पेरलेले हळीव आणि पायथ्याशी मावळे. आमच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या दुप्पट उंचीची एक गवळण होती, आणि रायगडाच्या पायथ्याला एक प्लास्टिकचा रणगाडा कायम खडा पहारा देत असे. मावळ्याचा हात मोडला की डिंकाने चिकटवायचा, नाहीच चिकटला तर हळिवात आडवा करून ठेवायचा. वरून वाकून बघणाऱ्याला सगळंच सोपं असतं.

ते वरून बघणं मोडलं 1969 मध्ये. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली, ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाभोवती. दोन सेनापती होतेच, पण खेळायला माणसं जास्त जमली होती. म्हणून त्याने एकाला गावचा महापौर केलं, एकाला बँकवाला, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू. झालं! जो तो कोपऱ्यात जाऊन दुसऱ्याशी कुजबुजायला लागला. कुणी कुणाला फितवतोय, कुणी द्वंद्वाचं आव्हान देतोय, आणि सैन्यं बिचारी ताटकळली आहेत. लढाई काही झालीच नाही. वेस्लीला वाटलं, आपला खेळ पार फसला. खेळणारे विचारत होते, पुढचा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आलं.

म्हणजे माणसाला पलटण दिली की तो लढतो, आणि एकच माणूस दिला की राजकारण करतो. राजकारणाला आपण उगीच नावं ठेवतो. जब्बार पटेलांचा 1979 चा ‘सिंहासन’ परत पाहिला तेव्हा मला हेच वाटत राहिलं, हा तर आपला ब्राउनस्टाइन! खोल्या, फोन, कानगोष्टी, कोण कुठल्या गटात याचा हिशोब. घाणेरडं आहे सगळं, पण एचपी सात असलेला माणूस दुसरं काय करणार? निळू फुल्यांचा पत्रकार दिगू तेवढा सगळ्यांकडे जाऊन सगळं बघत असतो, त्या प्रशियन पंचासारखा. फक्त त्याला ठरवायचा अधिकार काहीच नाही, आणि अशा पंचाचं शेवटी जे होतं तेच त्याचं होतं.

याच्या उलट कुब्रिकचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’, 1964 चा. त्यातल्या वॉर रूमच्या त्या प्रचंड गोल टेबलावर कुब्रिकने हिरवं कापड घालायला लावलं होतं, पत्त्यांच्या टेबलावर असतं तसं. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट! प्रेक्षकाला हिरवं दिसणारच नव्हतं. पण बसलेल्या नटांना कळायला हवं होतं की आपण डाव खेळतोय, आणि पणाला लागलेला जीव आपला नाही.

लहानपणीच्या आमच्या खेळांत ज्याला सगळ्यांमागे पळावं लागे, त्याच्यावर ‘राज्य’ असायचं. राज्य आलं की तोंड पडायचं. राज्य टाळण्यासाठी आम्ही चिडीचा डाव खेळायचो, अंगठा चाटून ‘टाइम प्लीज’ म्हणायचो, आणि तेवढ्या शब्दावर भर धावपळीत युद्धबंदी व्हायची. त्या शब्दाला मान होता. त्यात लिंबूटिंबूलाही जागा असे. तो आउट झाला तरी आउट नसे. मोठेपणी राज्य आपल्यावरच यावं म्हणून माणसं काय काय करतात, हे पाहून लहानपणीचा मी चक्रावलाच असता.

टेबलावर राज्य भाच्यावर होतं. बाकीचे मजेत खेळत होते आणि तो एकटा गॉब्लिन, पाऊस, दार आणि वटवाघळं असं सगळं सांभाळत होता. आपला फासा तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो. मला ‘शोले’तलं जयचं नाणं आठवलं, दोन्हीकडे एकच छाप असलेलं. पण मला माझा फासा सगळ्यांसमोर टाकायचा होता.

“गॉब्लिनांना काय सांगतोस?” त्याने विचारलं.

“सांगतो की आमच्याकडे शिदोरी आहे, पोळ्या आहेत. बसून खाऊ. खजिन्याचं नंतर बघू.”

“टाक.”

टाकला. वीसपैकी तीन पडले. योद्ध्याने कपाळाला हात लावला आणि तलवारीचा फासा मुठीत घेतला. भाच्याने नियमांचं पुस्तक उघडलं, एक पान उलटलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदावरच्या सात आकड्याकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं.

“गॉब्लिन विचारतोय,” तो आवाज घोगरा करून म्हणाला, “पोळ्या गुळाच्या की पुरणाच्या?”

मी गुळाच्या म्हणालो. पुढचा अर्धा तास गॉब्लिन तूप घेतात की नाही, यावर आमच्यातच भांडण चाललं होतं.