विझार्ड थोडा वेगळा आहे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या टेबलावर एक इसम असा असतो, की ज्याला छापील नियम म्हणजे कच्चा खर्डा वाटतो. बहुधा तोच डीएम असतो, म्हणजे खेळ चालवणारा. त्यामुळे अपिलाची सोय नाही. पुस्तकाशेजारी त्याची स्वतःची स्पायरल बाइंडिंगची प्रत ठेवलेली असते. तुम्ही विझार्ड, म्हणजे जादूगाराचं पात्र, घेतो म्हणालात, की तो चष्मा सारखा करतो. “घे ना, बिनधास्त घे. फक्त आपल्याकडे विझार्ड थोडा वेगळा आहे.”

या ‘थोडा’ला घाबरावं.

त्याचं जुनं भांडण जॅक व्हान्सशी. या अमेरिकन लेखकाच्या कथांत जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा म्हटला की विसरतो. पेपर दिला की इतिहास साफ, तसं. खेळ रचणाऱ्या गॅरी गायगॅक्सने १९७४ साली तेच खेळात उचललं. पुढे विसरणं गेलं, दिवसाला ठरावीक ‘स्लॉट’ उरले. आमच्या डीएमला तेही पटेना. म्हणून स्लॉट काढून त्याने पॉइंट आणले. (हा पर्याय २०१४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये छापलेला आहे, पण शोध त्याचाच.) पाचव्या लेव्हलच्या विझार्डला २७ पॉइंट, फायरबॉलला ५. पूर्वी दिवसाला दोन-तीन फायरबॉल पडायचे, आता पाच. पहिल्याच लढाईत त्याने जीव ओतून रचलेली गॉब्लिनांची अख्खी वस्ती बेचिराख झाली. मग नियमांत थकवा आला. थकव्यावर काढा आला. काढा स्वस्त पडतोय म्हणून काढ्यावर कर आला.

तरी फायरबॉल थांबेना. तेव्हा त्याने सामानाला हात घातला. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं, हे पुस्तकातच आहे. पुस्तक म्हणतं, कमरेला सामानाची पिशवी असली की झालं. हा विचारतो, “पण पिशवीत आली कुठून?” एका शनिवारी ड्रॅगन गुहेत ताटकळत राहिला आणि आम्ही विष्ठेचा भाव करत बसलो. दुकानदार अर्थात तोच. एक पैसा सोडला नाही.

टोकलं तर उत्तर तयार. “पुस्तकातला पुजारी, क्लेरिक, कसा आला, माहितीये? गायगॅक्सचा जोडीदार आर्नेसन, त्याच्या टेबलावर सर फँग नावाचा व्हॅम्पायर कुणाला आवरेना, म्हणून. हाउस रूल, म्हणजे घरचा नियमच ना तो?” गोष्ट खरी असल्यामुळे जास्तच राग येतो.

माणूस मात्र मायाळू. एका नव्या मुलीला तलवार चालवणारी आणि गाऊन जखमा भरणारी बाई हवी होती. त्याने रात्र जागून तिच्यासाठी आख्खा क्लास लिहून आणला. पुस्तकात बार्ड आधीच आहे, हे सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

तुम्हाला त्याने खेळायला बोलावलं तर जरूर जा. फक्त साधा फायटर घ्या. फायटरला जादू येत नाही, त्यामुळे त्याच्या पानाला अजून हात लागलेला नाही.