कलकत्त्यातले बारगीर

कलकत्त्यात काही रस्ते सकाळी एका दिशेने वाहतात आणि जेवणवेळ टळली की उलटे फिरतात. हे मला ठाऊक असतं तर अप्पाला "घाल बिनधास्त डावीकडे" असं मी सांगितलं नसतं. पाटी नव्हती का? होती. तिच्यावर वेळाही लिहिलेल्या होत्या. पण त्या क्षणी मी मागच्या सीटवरून १७४२ साल समजावून सांगत होतो, आणि इतिहासात शिरलेल्या माणसाला चालू सालातल्या पाट्या दिसत नाहीत. समोरून पिवळ्या टॅक्स्या, बसगाड्या आणि एक हातरिक्षा असं अर्धं शहर आमच्या अंगावर चालून आलं. पांढऱ्या गणवेशातल्या पोलिसाने आधी आमची एमएच नंबरप्लेट पाहिली, मग आमची चार पिकलेली डोकी पाहिली आणि फार सभ्यपणे पाचशे रुपयांची पावती फाडली. अप्पाने पैसे भरले आणि "हिशेब रात्री" एवढंच म्हणाला. अप्पा कमी बोलतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पुण्याहून गुवाहाटीपर्यंत गाडीने जायचं ठरलं तेव्हा कामं वाटून घेतली होती. गाडी अप्पाची, त्यामुळे स्टिअरिंग त्याचं. हॉटेलं मध्याकडे. चौघांच्या गोळ्या शिरूकडे. मला काहीच येत नसल्यामुळे 'माहिती' हे खातं मी आपणहून घेतलं. नागपूर ओलांडलं आणि माझ्या अंगात तिथले रघूजी भोसले आले. "याच दिशेने बंगालवर गेले आपले लोक! भास्करराम कोल्हटकर पुढे, मागे घोडदळ!" रायपूरला जेवताना मी १७५१ च्या तहावर आलो. नवाब अलिवर्दीखानाने बंगालची वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, हे मी अशा आवाजात सांगितलं की वेटरला वाटलं मी बिलाबद्दल भांडतोय.

"तुझे आजोबा पोस्टात होते ना?" मध्याने विचारलं.

होते. मिरजेच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत. पण पराक्रमाची वाटणी करताना वंशावळ कोण बघतं?

आता बारगीर आणि शिलेदार यांतला फरक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गाडीतही जाववत नव्हतं. संबळपूर येईपर्यंत तो तीनदा सांगून झाला होता. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो. घोडा मेला तर शिलेदार बुडाला. बारगिराला दुसरा मिळतो, म्हणून तो बिनघोर. ही सगळी व्यवस्था आमच्या गाडीत जशीच्या तशी नांदत होती. ओडिशात खड्डा आला की अप्पा ब्रेक दाबून "सस्पेन्शन, सस्पेन्शन" असं कण्हायचा आणि आम्ही तिघे मागून "घाल रे, काही होत नाही" म्हणायचो. आमचं खरंच काही होत नव्हतं. पंक्चर झालं तेव्हा अप्पा चाकापाशी उकिडवा बसला होता आणि आम्ही सावलीत उभे राहून पंक्चरवाल्याला सूचना देत होतो. रात्री हॉटेलात शिरताना अप्पा एकदा वळून गाडीकडे बघायचा, तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा. आम्ही जेवायला काय आहे ते बघायचो. मराठीत शिलेदार ही आजही शाबासकी आहे. चळवळींचे शिलेदार असतात, पक्षांचे असतात, नाट्यसंस्थांचेसुद्धा असतात. सत्कारात कुणाला 'या संस्थेचे ज्येष्ठ बारगीर' म्हणून बघा, तो नारळ परत देईल. आपण तो शब्द अडगळीत टाकला. बंगाल्यांनी मात्र जपून ठेवला. त्यांच्याकडे तो 'बोर्गी' झाला.

हे शेवटचं वाक्यही मी अभिमानानेच उच्चारत होतो, हे आधीच कबूल करतो.

व्हिक्टोरिया मेमोरियल बघितलं. राणी गेली १९०१ साली, इमारत उघडली १९२१ साली, आणि जिवंतपणी ती हिंदुस्थानात एकदाही आली नाही, यावर "म्हणजे आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊससारखंच" असा मध्याचा निकाल. हावडा पुलाच्या बांधणीत नटबोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट आहेत, हे ऐकल्यावर शिरू कठड्याला धरून चालायला लागला. १९४३ पासून उभा आहे म्हटलं तरी त्याने हात सोडला नाही.

खरा घोटाळा कॉलेज स्ट्रीटवर झाला. पुस्तकांच्या ढिगात मला इंग्रजी भाषांतरात एक पुस्तक दिसलं : 'महाराष्ट्र पुराण'. मूळ बंगाली, कर्ता कुणी गंगाराम, काळ १७५१ च्या सुमाराचा. माझा आनंद विचारू नका. अठरा पुराणं ऐकून होतो. एकोणिसावं आपल्यावर, आणि तेही बंगाल्यांनी रचलेलं! मी घासाघीस न करता पैसे दिले (पुण्याच्या माणसाने हे केलं, यावरून काय ते समजा) आणि वर कॉफी हाऊसमध्ये टेबल मिळाल्याबरोबर मोठ्याने वाचायला घेतलं. त्या उंच छताखाली आधीच शंभर माणसं एकमेकांशी वाद घालत होती. मला आवाज आणखी चढवावा लागला.

पुराणात बोर्गी येतात. गावं रिकामी होतात. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन पळतो, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. जो तो आपल्या पोटाचं साधन उचलतो आणि धावतो. बोर्गी कुणी पाहिले का म्हणून विचारलं तर पाहिलेले कुणीच नसतात. दुसरे पळताना दिसले म्हणून हेही पळत असतात. त्यापुढे गावं जाळण्याचं आहे, आणि बायकांबद्दलचं आहे. ते मी मोठ्याने वाचलं नाही. शिरू म्हणाला, "पुढे?" मी पुस्तक मिटलं. वाढप्याने कॉफी आणून ठेवली होती, ती कुणी उचलली नाही.

माझी आजी परभणीकडची. पंचाहत्तर सालापर्यंत होती, आणि आम्ही पोरांनी दुपारी दंगा केला की ती म्हणायची, "गप पडा, रझाकार येतील." रझाकार संपून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. आम्ही हसायचो. ती हसायची नाही. गाव सोडून निघाले तेव्हा शेजारच्या शिंप्याने मशीन डोक्यावर घेतलं होतं आणि तिने स्वतः फक्त देवाचा डबा, हे ती दरवेळी त्याच शब्दांत सांगायची. कॉफी हाऊसच्या त्या टेबलावर मला गंगारामापेक्षा तीच जास्त ऐकू येत होती. घोड्यावरून इतिहास फार छान दिसतो. डोक्यावर मशीन असलेल्या शिंप्याला तो कसा दिसला, हे मी आजीला कधी विचारलं नव्हतं.

हे गाडीत बोललो नाही. माहितीचं खातं त्या दुपारी बंद होतं, आणि त्याचं मित्रांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

तरी बागबझारला जायचंच होतं, कारण मीच हट्टाने ते यादीत घातलं होतं. आमच्या भीतीने कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैलांचा. तीनेक मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. नाव तेवढं बागबझारच्या एका गल्लीत उरलं आहे : मऱ्हाट्टा डिच लेन. जवळपास पावणेतीनशे वर्षांच्या विलंबाने मराठे तिथे पोचले आणि गाडी लावायला जागा शोधू लागले.

आधी रसगुल्ले खाल्ले. १८६८ साली याच बागबझारात नबीनचंद्र दासांनी ते केले, असं बंगाली सांगतात. ओडिशाची माणसं वेगळं सांगतात. आम्ही दोन्ही राज्यांत खाऊन आल्यामुळे तटस्थ राहिलो.

गल्लीत एका ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत होते. शेजारी आजी नातवाला मांडीवर थोपटत होत्या. "कहाँ से?" आजोबांनी हिंदीत विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर ते एकदम हसले आणि आजींना म्हणाले, "बोर्गी!" आजींनी हसतहसत पोरावर पदर ओढला. त्यांच्याकडे एक अंगाई आहे, बंगाल्यांच्या घरोघरी म्हणतात. तीत आमचं येणं आहे, बुलबुलांनी दाणे खाल्ल्याची तक्रार आहे आणि आता सारा कशातून भरायचा ही काळजी आहे. गेली पावणेतीन शतकं तिथली पोरं आमच्या भरवशावर झोपतात.

मी घाईघाईने खुलासा करू लागलो की आम्ही तिघेच बारगीर, तो गाडीत बसलाय तो शिलेदार. माझ्या हिंदीत ते आणखीच वाईट वाटलं. आजोबांना दया आली असावी. "आमच्या रवींद्रनाथांनी तुमच्या शिवाजीवर कविता केली आहे," ते म्हणाले. १९०४ सालची. हे मलाही माहीत होतं, रायपूरला सांगूनही झालं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मी पहिल्यांदा कळल्यासारखी मान हलवली.

तोवर पोर झोपलं. गल्लीत गाडी वळवायला जागा नव्हती, आणि अप्पाची गाडी रिव्हर्सला टाकली की केकाटते. ते बंद कसं करायचं हे अप्पाला आजतागायत सापडलेलं नाही. त्याने आजींच्या मांडीकडे पाहिलं आणि गाडी न्यूट्रलला घेतली. आम्ही तिघे खाली उतरलो, बॉनेटला हात लावले आणि मऱ्हाट्टा डिच लेनमधून अप्पाच्या घोड्याला उलटपावली ढकलत कोपऱ्यापर्यंत नेलं. शिरूने मधेच थांबून बीपीची गोळी घेतली.

रात्री हॉटेलात अप्पाने वही काढली. डिझेल, टोल, रसगुल्ले, कॉफी आणि शेवटी दंड. पाचशे भागिले चार. माझ्या वाट्याची सव्वाशे रुपये चौथाई मी कलकत्त्यातच रोख भरली.